सुक्या टाकीतली पूजा

माझे लग्न ठरत होते तेव्हा मुलीकडच्यांनी विचारले, मुलगा काय करतो? वडील म्हणाले, सरकारात इंजिनियर आहे. पूल बांधतो की रस्ते, असा पुढचा प्रश्न आला तेव्हा वडिलांनी घसा खाकरून 'पाण्याचे काम बघतो' म्हणून वेळ मारून नेली. कसले पाणी, ते अक्षता पडेपर्यंत त्यांनी कोणाला कळू दिले नाही. एकतीस वर्षे मी गोव्यात सांडपाण्याचे प्रकल्प उभे केले. पुलावर बांधणाऱ्या खात्याची पाटी लागते, उद्‌घाटनाला फीत कापतात. आमच्या टाकीवर पाटी लागते ती 'आत वाकून पाहू नये' अशी.

या धंद्यातली पहिली गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. सांडपाणी उताराने वाहते, म्हणून आम्हाला गावाचा सगळ्यात खालचा तुकडा लागतो. तो तुकडा हमखास नदीच्या काठी असतो, दर पावसाळ्यात बुडतो, आणि बुडतो म्हणूनच मोकळा राहिलेला असतो. म्हणजे जिथे शहाणा माणूस गुरांचा गोठाही घालत नाही, तिथे आम्ही काँक्रीटच्या टाक्या बांधायच्या. डिचोलीत त्यात आणखी एक भर होती. शिरगाव, सुर्ल्याकडच्या खाणींची लाल माती वर्षानुवर्षे पावसाबरोबर खाली येऊन नदीकाठी बसलेली. उन्हाळ्यात ती इतकी कडक की वर ट्रक चालावा, आणि पाऊस पडला की त्याच जागी पाय घोट्यापर्यंत आत. तिच्याखाली काळा चिखल आणि त्याच्याखाली जांभा दगड. जांभा किती खाली, ते विचारू नका. एका ठिकाणी भोक पाडले तर सहा मीटरवर लागला, तिथून दहा पावलांवर अकरा मीटरवर.

पाया कच्चा राहिला तर इमारत खचते, हे सगळ्यांना ठाऊक असते. आमची टाकी मात्र वर येते. विहिरीत रिकामी कळशी सोडली तर ती तरंगते, पाणी प्याली की खाली जाते. जमिनीत पुरलेल्या टाकीचेही तसेच आहे. पुराने भोवतालची जमीन पाण्याने टम्म भरली आणि टाकी आतून रिकामी असली, की खालचे पाणी तिला उचलू लागते. एवढी मोठी टाकी कशी उचलेल, असे पूर्वी मलाही वाटायचे.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. शुभांगी परब धारगळची. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, आमच्या विभागात आलेली पहिली बाई इंजिनियर. आमच्याकडे आली तेव्हा मोठे सायब, म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता, मला म्हणाले होते, शेट्ये, पोरीला जरा काम शिकवा. मी खूश झालो. शिकवण्याची मला हौस होती. पण सहा महिन्यांत माझ्या ध्यानात आले की तिला शिकवण्यासारखे माझ्याकडे फारसे काही नाही, आणि त्या दिवसापासून मला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली. हे मी इतक्या सरळ शब्दांत आजवर बायकोलाही सांगितलेले नाही.

पहिला खडा पडला तो पेडण्यात. खाडीकाठच्या खाजन जमिनीत आम्ही लहान प्रकल्प बांधत होतो. तिथे पायासाठी काँक्रीटचे खांब ठोकायचे होते. यंत्राचा घण वर उचलून खांबावर सोडायचा, खांब आत जाईनासा झाला की खाली कडक थर लागला असे समजायचे. एका कोपऱ्यात खांब अर्ध्यातच अडला. मी म्हटले, झाले, जांभा लागला, पुढचा घ्या. शुभांगी बाजूच्या शेतात चिखलात भात लावणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली आणि त्याच्याशी मेरेवर बसून अर्धा तास बोलत राहिली. परत येऊन म्हणाली, सर, इथे त्याच्या आज्याच्या वेळचा बांध होता. पुरात फुटला म्हणून पलीकडे नवा घातला. आपला खांब जुन्या बांधाच्या दगडावर बसलाय. मी हसलो आणि खांब दीड मीटर बाजूला घेऊन ठोकायला सांगितले, ती चुकली हे चारचौघांत दिसावे म्हणून. खांब लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. पहिल्या खांबावर टाकी बांधली असती तर वर्षभरात कलंडली असती. त्यानंतर आमचा मुकादम जयराम, दोडामार्गाकडचा माणूस, काही विचारायचे असले की माझ्या टेबलावरून सरळ पुढे तिच्याकडे जाऊ लागला. मजूरही तिला 'बाय' म्हणायचे. मी 'सायब'च राहिलो.

तिला काय येत होते म्हणाल तर पुस्तकातले माझ्याइतकेच येत होते. पण ती लोकांचे ऐकायची आणि ऐकताना तिला घाई नसायची. मला समोरच्याचे वाक्य अर्धे झाले की पुढचे कळते असे वाटते. ही खोड माझ्या वडिलांची. त्यांचे डिचोलीच्या बाजारात दुकान होते आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ते माल काढून ठेवायचे. दुकानात ते चालून जायचे.

डिचोलीची टाकी हे आमचे दोघांचे काम. तिने आराखडा केला, जागेवरचा ताबा माझ्याकडे. टाकी तरंगू नये म्हणून एक साधा उपाय असतो. तळाची स्लॅब भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी पसरवायची. त्या भागावर माती बसते आणि ती माती टाकीला दाबून धरते. स्लॅबच्या या पसरलेल्या कडेला आम्ही टाच म्हणतो. शुभांगीने टाच चांगली रुंद मागितली होती. इकडे खड्ड्याच्या कडा ढासळत होत्या, चार पंप लावूनही पाणी हटत नव्हते, आणि जून तोंडावर आला होता. टाच रुंद करायची तर खड्डा आणखी रुंद करावा लागणार. मी मोठ्या सायबांना भेटून ती अर्धी करून घेतली. कारणे खरी होती. पण तिच्या आराखड्यावर माझी लाल रेघ ओढताना मला जे बरे वाटले, त्याचा कडांशी आणि पंपांशी काही संबंध नव्हता.

ती भांडली नाही. तिने पुन्हा हिशेब मांडला आणि आराखड्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली की पावसाळ्यात टाकी भरलेलीच ठेवावी. भिंती झिरपतात का हे बघायला आम्ही टाकी नळाच्या पाण्याने भरलेली होतीच. ती तशीच राहू दिली की प्रश्न नव्हता.

प्रश्न आला तो गाऱ्हाण्याचा. टाकीची जागा ज्या वाड्याची, म्हणजे वस्तीची, तिथले जाणते म्हणजे बाबलो गावकार. वाड्यात प्रकल्पाला विरोध होता आणि तो बाबलोमामांच्या शब्दावर तूर्त थांबला होता. त्यांची अट एकच. घाण पाणी टाकीत पडायच्या आधी टाकीच्या तळाला सत्यनारायण घालायचा आणि गावदेवीला गाऱ्हाणे घालायचे. एकदा घाण आत गेली की जागा कायमची विटाळणार, म्हणून आधीच देवीची परवानगी घ्यायची. अट गैर नव्हती. आम्ही हो म्हटले होते. पण श्रावण आला आणि ते टाकी रिकामी करा म्हणू लागले.

शुभांगीने त्यांना सुचवले की भरलेल्या टाकीवर फळ्या टाकून मांडव करू, पूजा वरच होईल. मामांनी मान हलवली.

"बाय, तुजा खरा आसतला," ते म्हणाले. "पण गाराणा जमनीर पाय ठेवन घालूचा लागता. उदकार उबो रावन घातला तर देवीक कळतला कसा, खंयच्या जाग्याचा ता?"

ती म्हणाली, पाऊस ओसरेपर्यंत थांबा, दसऱ्यानंतर घालू. मामा विचार करतो म्हणाले. मला वाटते त्यांनी तिचे ऐकले असते. पण दुसऱ्या दिवशी तिची आई आजारी असल्याचा निरोप आला आणि ती धारगळला गेली. मामा माझ्याकडे आले. वाड्यातली माणसे उतावीळ झाली आहेत, श्रावणातलाच दिवस हवा म्हणतात, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, टाकी रिकामी करून दिली तर वाडा प्रकल्पाच्या बाजूने उभा राहील? ते म्हणाले, राहील. मी जयरामला पंप लावायला सांगितला.

जयराम घुटमळला. म्हणाला, बाय येवंदे. मी त्याच्यावर ओरडलो. इतक्या महिन्यांत जे तिला जमले नव्हते ते मी एका दुपारी जमवले होते आणि हा माणूस मला तिची वाट बघायला सांगत होता. डिचोलीच्या बाजारात पुराचे पाणी चढताना मी लहानपणापासून बघितले होते. दुकानातला माल फळ्यांवर चढवायला मीच असायचो. इतके असून त्या दुपारी मला पूर आठवला नाही, किंवा मी आठवू दिला नाही.

पूजेच्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला होता. टाकीचा तळ धुऊन पुसून लख्ख केला होता, वर ताडपत्री, चार कोपऱ्यांना केळीचे खुंट. पूजेला जोडपे लागते, म्हणून मी आणि माझी बायको बसलो. शिडीवरून वाड्यातली पन्नासेक माणसे खाली उतरली. मी सोवळे नेसून, कपाळाला गंध लावून टाकीच्या तळाशी पाटावर बसलो होतो, आणि इतका समाधानी मी माझ्या लग्नातही नव्हतो. टाकीबाहेर सांडपाणी येऊन पडायची एक विहीर होती. तिच्यातून टाकीत येणारा मोठा पाइप आणि त्याच्यावर व्हॉल्व. तो घट्ट आवळून त्याच्या चाकाला आंब्याच्या पानांचा टाळ बांधला होता. सांडपाण्याच्या वाहिन्या अजून जोडल्या नव्हत्या, तरी विहीर काठोकाठ भरली होती. नदी शेतात आली होती. ते मला येताना दिसले होते.

भटजी दुसऱ्या अध्यायात होते तेव्हा वरून हाक आली. शुभांगी धारगळहून म्हापशामार्गे बसने आली होती. टाकी रिकामी बघून तिने काय केले ते जयरामने नंतर सांगितले. तिने त्याच्याकडून लेवलची तिकाटी मागून घेतली, आमच्या कामाच्या शेडच्या पलीकडे जांभ्यावर ती उभी केली, वर छत्री धरायला लावली आणि टाकीच्या भिंतीवर पट्टी उभी करून बघायला लागली. लेवल म्हणजे दुर्बिणीसारखे यंत्र. लांबच्या पट्टीवरचा आकडा त्यातून वाचता येतो. आकडा बदलला म्हणजे पट्टीखालचे काहीतरी हलले.

"सर, जरा वर येता?" ती म्हणाली.

मी ऐकले आणि ऐकले नाही असे दाखवले. पूजेतून मधे उठायचे नसते, हे कारण माझ्याकडे होते. थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली. मी हातातल्या तुळशी वाहत राहिलो. मग ती ओल्या पायांनी शिडी उतरून खाली आली, पूजेपासून अंतर ठेवून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, टाकी उचलायला लागलीय. माझी बायको माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ती सांगता तर बगून येयात मरे. देव खंय पळान जाणा ना."

मी वर गेलो. सोवळे सावरत, पावसात भिजत लेवलला डोळा लावला. सकाळी जयरामने पूजेच्या मांडवासाठी याच भिंतीवर लेवल घेतली होती. तो आकडा वहीत होता. आताचा आकडा अर्ध्या इंचाने सरकला होता. मी भिंग पुसले. पुन्हा बघितले. अर्धा इंच होता तो आता थोडा जास्त झाला होता. मी तिसऱ्यांदा भिंग पुसले. लेवल खोटी असावी, तिकाटी सरकलेली असावी, तिच्या हाताची चूक असावी, असे मला मनापासून वाटत होते. खाली माझी बायको बसलेली, पन्नास माणसे बसलेली, आणि मला टाकीपेक्षा आपण चुकलो हे जास्त लागत होते.

व्हॉल्व उघडून विहिरीचे पाणी आत घ्यावे लागेल, ती म्हणाली. आत्ताच. पाइपाचा सांधा तुटला तर मग काही करता येणार नाही. मी म्हटले, आरती होऊ दे. वाड्याला दिलेला शब्द आहे. ती शिडीच्या तोंडाशी गेली आणि खाली बसलेल्या बाबलोमामांना म्हणाली,

"मामा, टाकयेक उदक जाय. आतांच. ना जाल्यार ती जाग्यार रावची ना."

तळात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणाले, घाण पाणी सोडतात, पूजा मोडतात. दोघे तरुण उठून उभे राहिले. मामांनी हात वर केला आणि तिला विचारले, विहिरीत कसले पाणी आहे? नदीचे, ती म्हणाली. पुराचे. अजून सांडपाण्याचा थेंब नाही.

मामांनी पाटावरचा नारळ उचलून तिथल्या तिथे उभ्याने न्हंयचे, म्हणजे नदीचे, गाऱ्हाणे घातले.

"बाये देवी म्हामाये, ही न्हंय तुजी. घाण येवच्या पयली न्हंयच आपणान पाय लावूक आयल्या. तिका वाट दितां, मान्य करून घे, आनी ह्या जाग्याक, ह्या लेकरांक सांभाळ."

"व्हय म्हाराजा," पन्नास माणसे म्हणाली.

त्यानंतर सगळे पाच-सात मिनिटांत झाले. भटजींनी कलश आणि तसबीर उचलली, बायकांनी प्रसादाचे पातेले वर चढवले, माझी बायको चौरंग घेऊन शिडी चढली. जयरामने आंब्याचा टाळ तोडून व्हॉल्वचे चाक फिरवले. खाणीच्या मातीने लाल झालेले पाणी धडधडत आत आले, केळीचे खुंट आडवे झाले आणि तरंगायला लागले. शुभांगी लेवलजवळून हलली नाही. दर पाच मिनिटांनी आकडा वाचायची आणि वहीत लिहायची. तासाभरात पाणी गुडघाभर झाले, तरी आकडा सरकतच होता. कमरेच्या वर गेले तेव्हा तो थांबला. तिसऱ्या प्रहरी तो उलटा यायला लागला तेव्हा तिने वही मिटली आणि शेडमध्ये जाऊन प्रसादाचा शिरा खाल्ला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हते, हे माझ्या बायकोला ठाऊक होते. मला नव्हते.

टाकी परत बसली, पण पूर्ण नाही. खाली शिरलेल्या गाळामुळे एक कोपरा बोटभर वर राहिला तो राहिलाच. आम्ही नंतर भोके पाडून तळाखाली सिमेंटचे पाणी भरले. पुढच्या वर्षी प्रकल्प सुरू झाला आणि आजही चालू आहे.

खात्याने अहवाल मागितला. सरकारी अहवालाची एक सोय असते, त्यात कर्ता लागत नाही. 'ग्रामस्थांच्या आग्रहामुळे टाकी रिकामी करण्यात आली.' 'पाण्याची पातळी वाढल्याचे लक्षात येताच व्हॉल्व उघडण्यात आला.' मी लिहिले, मोठ्या सायबांनी सही केली. जागेचा ताबा माझ्याकडे होता, म्हणून प्रशस्तिपत्र माझ्या नावाने आले. प्रसंगावधान, असा शब्द त्यात होता. मी ते घरी भिंतीला लावले. बायको त्या भिंतीकडे बघायची नाही.

मला वाटले शुभांगी तक्रार करील. मी तयारीत राहिलो. तिने तक्रार केली असती तर मी काय उत्तर देणार, हे रोज मनात घोळवायचो. टाच अर्धी केल्याची मंजुरी मी काढून ठेवली होती. तिने तक्रार केली नाही. पुढच्या कामाचे आराखडे पूर्वीसारखेच माझ्याकडे आणून ठेवायची, म्हणायची, सर, बघून घ्या. तिने मुद्दाम मला कमी लेखण्यासाठी गप्प बसायचे ठरवले आहे, असे मला वाटायचे. माझ्यासारख्याला दुसरे काही सुचत नाही.

मग तिची बदली झाली, बढत्या झाल्या. मी निवृत्त झालो तेव्हा ती पणजीला कार्यकारी अभियंता होती, माझ्या निरोप समारंभाला प्रमुख पाहुणी म्हणून आली. मला चार शब्द बोलायला सांगितले. मी डिचोलीची गोष्ट सांगितली. ठरवून नव्हे, पण बोलता बोलता 'मी लेवलला डोळा लावला' म्हटले, आणि ते खोटे नव्हते. मग 'मी म्हटले, व्हॉल्व उघडा', आणि ते खोटे होते. टाकी सात इंच उचलली, असेही म्हणालो. सभागृह हसले, टाळ्या पडल्या. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसून तीही टाळ्या वाजवत होती.

खाली चहा आणि भजी होती. ती बशी घेऊन माझ्याकडे आली, आजूबाजूला कोणी नाही हे बघून जरा जवळ वाकली. इतक्या वर्षांनी आता ती तक्रार येणार, असे मला वाटले.

"सर, एक सांगू? टाकी सात इंच नव्हती उचलली," ती म्हणाली. "चार. सातावर गेली असती तर सांधा तुटला असता, व्हॉल्व उघडून उपयोग नव्हता. नवीन पोरं ऐकत होती, म्हणून म्हटलं."

"आणि बाकी?" मी विचारले.

"बाकी काय, सर?"

मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला, राग शोधला. काही सापडले असते तर मी त्याच जागी माफी मागून मोकळा झालो असतो. तिला खरोखरच कळले नव्हते मी काय विचारतो ते. काही नाही, मी म्हटले, भजी गार होतायत.

म्हणून इथे लिहून ठेवतो. टाकी रिकामी मी करायला लावली. व्हॉल्व शुभांगी परबने उघडायला लावला. टाकी चार इंच उचलली होती. हे ज्या अंकात छापून येईल त्याची एक प्रत तिला पाठवणार आहे. ती वाचील, इंचांचा आकडा बरोबर आला आहे का तेवढे बघील आणि अंक मिटून ठेवील. त्याचा मला आजही हेवा वाटतो.